जुन्या गाडीला नवे ब्रेक : निष्ठा कोणाशी?

गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाऱ्याला जाणारा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता वाटेत मुरदोलीच्या जंगलातून जातो. रोवणीच्या दिवसांत बांध्यांतून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरलेला असतो. धान निघाले की पोत्यांनी लादलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या संध्याकाळी संथपणे चाललेल्या असतात. गुरे, चितळ आणि रानडुकरे तर बारा महिने आपल्या सोयीने रस्ता ओलांडतात. अशा रस्त्यावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची एखादी पद्मिनी, अँबॅसेडर किंवा जीप धावताना दिसली की आम्हांला आनंद होतो. आणि लगोलग मनात प्रश्न येतो, हिचे ब्रेक कोणते?

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत या प्रश्नावरून दोन तट आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, गाडी जशी कारखान्यातून बाहेर पडली तशीच ती राहिली पाहिजे. तिचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवणे म्हणजे जुन्या वाड्याच्या सागवानी दाराला ॲल्युमिनियमची चौकट लावणे होय. दुसरा तट म्हणतो की, गाडी चालवायची आहे, पूजायची नाही. आज जे चांगले मिळते ते तिला का देऊ नये? आम्हांला दोन्ही तट अर्धेच बरोबर वाटतात. पहिल्याला गाडीविषयी प्रेम आहे, पण रस्त्याचा विसर पडला आहे. दुसऱ्याला रस्ता दिसतो, पण नवी वस्तू बसवली की काम संपले, असे तो मानतो. साहित्याची आवड असणाऱ्यांनी या यांत्रिक वादात डोके का घालावे, असे कोणी विचारील. मूळ कृती आणि तिच्यात केलेला बदल यांचे नाते काय असावे, हा या वादाच्या तळाशी असलेला प्रश्न आपल्या परिचयाचा आहे, एवढे उत्तर तूर्त पुरे.

प्रथम यंत्राकडे पाहू. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा एक पोकळ ड्रम असतो आणि त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरपर्यंत पोचतो, शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर ड्रमच्या आतल्या अंगाला घासतात. या रचनेत एक मोठी हुशारी आहे. ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने रेटला जाणारा शू त्या फिरण्यामुळेच ड्रमवर अधिक आवळला जातो. म्हणजे गाडीची गतीच गाडी थांबवायला हातभार लावते आणि चालकाच्या पायावरचा भार कमी होतो. ज्या काळात सामान्य गाडीला बूस्टर नव्हता, त्या काळात ही रचना टिकली ती याच गुणामुळे. तिला भंगार म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

तिचा दोष उष्णतेच्या व्यवहारात आहे. ब्रेक गती नाहीशी करत नाही, तो गतीची उष्णता करतो. हजार किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती थांबवताना निर्माण होणारी उष्णता पाऊण लिटरच्या आसपास पाणी साध्या तपमानापासून उकळीला आणण्याइतकी असते. ड्रम बंद डब्यासारखा असल्याने ही उष्णता आत कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. पेडल अधिकाधिक खाली जाऊ लागते आणि लायनरची पकडही उतरते. उतारावर वारंवार ब्रेक दाबणाऱ्या चालकाला ‘ब्रेक लागेनासे झाले’ असा जो अनुभव येतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. पाण्याचीही तीच कथा. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी काढली की ड्रममध्ये शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही, आणि पुढचे काही ब्रेक नुसते घसरतात. दोन बाजूंचे ड्रम सारखे भिजलेले नसतील, तर गाडी एका अंगाला ओढते. म्हणून जुने चालक रपटा ओलांडल्यावर पेडलवर हलका पाय ठेवून काही अंतर गाडी चालवत आणि ब्रेक वाळवून घेत.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते आणि कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो. तबकडीला वारा लागत असल्यामुळे ती लवकर निवते. तापून जाड झाली तर पॅडच्या दिशेनेच सरकते, दूर जात नाही. पाणी तिच्यावरून फेकले जाते. दोन्ही बाजूंची पकड सारखी राहण्याची शक्यताही अधिक असते. मात्र स्वतःला आवळून घेण्याचा ड्रमचा गुण तिच्यात नाही. त्यामुळे पायाला जोर अधिक लागतो आणि बहुतेक गाड्यांत बूस्टरची गरज पडते.

ज्याला आपण ‘आधुनिक’ म्हणतो तो हा ब्रेक फारसा आधुनिकही नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्ये घेतले, आणि फ्रान्समध्ये लुई रेनो यांच्या नावाशी ज्या ड्रम ब्रेकचा उगम जोडला जातो तोही त्याच सालचा. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ही पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेली मोटार मोठ्या संख्येने बाजारात येऊ लागली. आपल्याकडे मात्र कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० डिलाइट, जी पुढे पद्मिनी झाली, ती चारही चाकांना ड्रम घेऊन रस्त्यावर आली आणि दशकानुदशके तशीच धावली. परवान्यांच्या राज्यात ग्राहकाला निवड नव्हती आणि कारखान्याला घाई नव्हती. म्हणून ‘ड्रम ब्रेक हाच पद्मिनीचा आत्मा’ असे कोणी म्हणू लागले की आम्हांला थोडे हसू येते. ज्याला आपण आत्मा म्हणतो त्यातला बराच भाग त्या काळची टंचाई होती.

इथवर वाचून आम्ही डिस्कवाल्या तटात जाऊन बसलो, असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही. या तटाचे आवडते वाक्य मिस्त्रीच्या तोंडून असे ऐकू येते : ‘भाऊ, एकदा डिस्क बसवली की गाडी जागच्या जागी उभी राहते, पाहून घ्या.’ हे वाक्य खरे नाही, आणि त्याच्यावरचा विश्वास धोक्याचा आहे. गाडी अखेरीस टायर आणि रस्ता यांच्यामधील पकडीमुळे थांबते. थंड, कोरड्या आणि नीट जुळवलेल्या ड्रम ब्रेकनी चाके जाम होत असतील, तर त्या एका थांबण्यापुरते डिस्क ब्रेक अंतर फारसे कमी करू शकत नाहीत. डिस्कचा फायदा दहाव्या थांबण्यात आहे, ओल्या थांबण्यात आहे, उतारावरच्या थांबण्यात आहे. हे फायदे मोठे आहेत. पण जादू त्यांत नाही. टायर झिजलेले किंवा वर्षानुवर्षे उभे राहून कडक झालेले असतील, तर जगातला कोणताही ब्रेक तिथे पांगळा ठरतो.

साधा हिशोब करून पाहावा. धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू, आणि कोरड्या डांबरावर टायरची पकड चांगली आहे असेही मानू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे २० मीटर. वेग ८० केला की हेच आकडे २२ आणि ३६ होतात. म्हणजे ३७ मीटरांत थांबणारी गाडी थांबायला ५८ मीटर घेते. वेगात एक तृतीयांश वाढ झाली आणि अंतर दीडपटीहूनही अधिक वाढले. ड्रमच्या जागी डिस्क बसवून मिळणारा लाभ मनुष्य वीस किलोमीटरच्या वाढीव वेगात सहज उधळून टाकू शकतो.

आणि तो उधळतोही. १९८० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात काही टॅक्सींना चाके जाम न होऊ देणारी ब्रेकयंत्रणा बसवून त्यांची तुलना साध्या टॅक्सींशी करण्यात आली. अपघातांत अपेक्षित घट आढळली नाही. चांगले ब्रेक मिळालेल्या चालकांचे वाहन चालवणे मात्र अधिक धीट झालेले दिसले. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ज्या मुरदोलीचा उल्लेख आम्ही आरंभी केला, त्याच जंगलात रात्रीच्या वेळी एका मोटारीची धडक बसून एक वाघ जखमी झाला आणि पुढे दगावला. मोटार आजच्या काळातली होती, जुनी नव्हती. नवेगाव आणि नागझिरा या जंगलांचा व्याघ्रप्रकल्प २०१३ च्या डिसेंबरात जाहीर झाला, आणि त्या दोन जंगलांमधली वन्य प्राण्यांची ये-जा ज्या पट्ट्यातून चालते त्याच पट्ट्यातून आपले रस्ते जातात. अंधारात दिव्यांचा झोत जेवढा पोचतो त्याच्या आत गाडी थांबवता येत नसेल, तर चाकात ड्रम आहे की डिस्क, हा प्रश्न त्या वाघाच्या दृष्टीने गौण आहे. ट्रॉलीमागे सायकलवरून घरी निघालेल्या मजुराच्या दृष्टीनेही तो गौणच.

आता मूळपणाच्या प्रश्नाकडे येऊ. मराठी वाचकाला या बाबतीत दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तोवर नकलाकारांच्या हातून त्या ग्रंथात अनेक अपपाठ शिरले होते. एकनाथांनी हे काम उघडपणे केले, ते कधी केले याची नोंद ठेवली, आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ छापला आणि अभ्यासकांत वाद झाला. तो वाद होऊ शकला, कारण एकनाथांचा हस्तक्षेप लपलेला नव्हता. पाठचिकित्सेने आपल्याला शिकवलेली नीती एवढीच आहे : बदल करणे हे पाप नाही, बदल लपवणे हे पाप आहे. संपादकाने कोठे हात घातला हे पुढच्या वाचकाला कळले पाहिजे, आणि जुना पाठ परत मिळवण्याची वाट बुजता कामा नये.

ही नीती मोटारींच्या जगातही पोचलेली आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फिवा, याने २०१२ मध्ये ‘तुरिन सनद’ स्वीकारली. तिचा आदर्श इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेली व्हेनिस सनद हा होता. सुरक्षिततेसाठी बदल करावाच लागला तर तो कमीत कमी असावा, मूळ रचनेचा मान राखणारा असावा, उलटवता येण्यासारखा असावा आणि त्याची नोंद असावी, असा तिचा आशय आहे. एकनाथ आणि तुरिन यांच्यात चार शतकांहून अधिक अंतर आहे. जाणत्या माणसाला सुचलेला मार्ग मात्र जवळजवळ एकच आहे.

परंतु ग्रंथ आणि गाडी यांची तुलना एका जागी तुटते, आणि आमचे मत त्या जागेवरच उभे आहे. पोथीतला अपपाठ जसाच्या तसा ठेवला म्हणून कोणाचा जीव जात नाही. मूळ पाठाशी निष्ठा ठेवणारा वाचक जे काही सोसतो ते स्वतः सोसतो. गाडीच्या मूळपणाची किंमत मात्र तिचा मालक एकटा मोजत नाही. ती समोरून येणारा मोजतो, रस्ता ओलांडणारे शाळकरी पोर मोजते, आणि त्या दोघांनाही गाडी कोणत्या सालची आहे याच्याशी कर्तव्य नसते. म्हणून संग्रहात उभी असलेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी यांना एकच नियम लावणे चूक आहे. संग्रहातल्या गाडीच्या ड्रमला कोणी हातही लावू नये. तिथे ती दस्तऐवज आहे. रस्त्यावर आली की ती वाहन होते, आणि वाहनाची पहिली निष्ठा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी असली पाहिजे.

या निष्ठेचा अर्थ सरसकट डिस्क बसवा असा आम्ही घेत नाही. पहिली पायरी आहे तो ब्रेक नीट ठेवण्याची. ड्रम ब्रेकवर होणाऱ्या टीकेतली निम्मी टीका वस्तुतः दुर्लक्षित ड्रम ब्रेकवरची असते. लायनर झिजले की शू आणि ड्रम यांच्यातील फट वाढते आणि ती वेळोवेळी जुळवून घ्यावी लागते. ड्रमला कंगोरे पडले तर लेथवर साफ करून घ्यावे लागतात, आणि तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. गळका व्हील सिलिंडर लायनरवर तेल सोडतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ते वर्षानुवर्षे बदलले नाही तर गरम झाल्यावर त्यात वाफ धरते. ही कामे स्वस्त आहेत आणि गोंदिया, तिरोडा, आमगाव किंवा देवरी येथे ती जाणणारे मिस्त्री आजही मिळतात. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. गावच्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या आत, दिवसाउजेडी, महिन्यातून दोनदा फिरणाऱ्या गाडीला असे निगुतीने ठेवलेले ड्रम पुरेसे आहेत, आणि त्या मालकाला कोणी मागासलेला म्हणू नये.

ज्याला हीच गाडी महामार्गावर न्यायची आहे, सडक अर्जुनी आणि देवरीवरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत चालवायची आहे, त्याने पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा विचार जरूर करावा. पण मग ते काम पुरते करावे. ब्रेक ही एक व्यवस्था आहे. त्यातला एक भाग बदलला की इतर भागांचा मेळ पुन्हा घालावा लागतो. कॅलिपरच्या पिस्टनला ड्रमच्या सिलिंडरपेक्षा अधिक ऑइल लागते, त्यामुळे जुना मास्टर सिलिंडर अपुरा पडू शकतो. अनेक जुन्या यंत्रणांत ड्रमसाठी नळीत थोडा दाब अडवून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात आणि तापतात. पुढच्या आणि मागच्या ब्रेकांचे प्रमाण बिघडले, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी गिरकी घेऊ शकते, आणि ओल्या रस्त्यावर ही गिरकी प्राणघातक ठरते. जुन्या रिममध्ये कॅलिपर मावतो का, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर रबरी नळी कोठे घासते का, हेही पाहावे लागते.

यांत एक गोष्ट डिस्कपेक्षाही महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी बोलताना फारसे कोणी दिसत नाही. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना एकच ऑइलमार्ग असतो. एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात आणि हातब्रेकाखेरीज काही उरत नाही. दोन स्वतंत्र मार्ग असलेला मास्टर सिलिंडर बसवला, तर एक मार्ग निकामी झाल्यावरही दोन चाके तरी धरतात. बॉनेट उघडल्याशिवाय हा बदल दिसत नाही, मेळाव्यात त्याचे कोणी कौतुक करत नाही, छायाचित्रात तो येत नाही. आम्हांला विचाराल तर पहिला रुपया यावर खर्च करावा, दुसरा टायरवर, आणि चमकत्या तबकड्यांचा विचार त्यानंतर.

हे सारे करताना काढलेले ड्रम, शू आणि सिलिंडर भंगारात देऊ नयेत. तेल लावून, चिठ्ठी बांधून ते पेटीत ठेवावेत. नवे भाग मूळ छिद्रांवर बसतील असे करावे. स्टब कापणे आणि सांगाड्यावर वेल्डिंग करणे टाळावे. कोणता भाग कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीवरून घेऊन बसवला याची वही ठेवावी आणि गाडी विकताना ती वही किल्लीबरोबर द्यावी. ही वही म्हणजे गाडीच्या पाठचिकित्सेची टीप होय.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हा दंडक कडकपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. पण त्याच दुरुस्तीने मागाहून बसवायच्या भागांसाठी मानके आणि अटी ठरवण्याचा अधिकारही केंद्र सरकारला दिला. पुढे जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यांत येतात. अशा वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. ही वाहने रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येतात.

या नियमांत एक शहाणपण आहे : मूळपण हवे असेल तर रस्त्यावरचा हक्क कमी करून घ्या, असा सौदा ते करतात. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांच्यातील बदलांचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे, ब्रेकांचा तसा उल्लेख नाही. आणि १९८० च्या दशकातली पद्मिनी किंवा जीप तर अजून या व्याख्येतच बसत नाही. ती साधी खाजगी गाडी असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण होते आणि त्या वेळी निरीक्षक तिचे ब्रेक पाहतो. म्हणजे ब्रेक चांगले हवेत असे एक कलम सांगते, आणि दुसरे कलम बदलाविषयी धाक घालते. या दोहोंच्या मध्ये प्रामाणिक मालक अडकतो. परिणाम असा होतो की, बदल करणारे तो गुपचूप करतात. त्याची तपासणी होत नाही, विमा कंपनीला तो कळवला जात नाही, आणि एकाने केलेली चूक दुसऱ्याला समजत नाही. लपवलेला बदल हे पाप, असे आम्ही वर म्हटले. इथे कायद्याच्या संदिग्धतेनेच लपवण्याला उत्तेजन मिळते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वेग, शक्ती किंवा रूप वाढवणारे बदल आणि थांबण्याची क्षमता वाढवणारे बदल यांत कायद्याने स्पष्ट भेद करावा. २०१९ च्या दुरुस्तीने दिलेला अधिकार वापरून जुन्या गाड्यांच्या ब्रेकांसाठी मानके ठरवावीत : दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर, पुढची डिस्क, मागच्या ब्रेकांशी त्यांचा मेळ. काम झाल्यावर परिवहन कार्यालयात ब्रेकची प्रत्यक्ष चाचणी व्हावी आणि प्रमाणपत्रावर तशी नोंद व्हावी. ज्या जिल्ह्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक ‘एमएच ३५’ आहे, त्या गोंदियातल्या मालकाला यासाठी नागपूर-मुंबईच्या खेपा घालाव्या लागू नयेत. असे होईपर्यंत मालकाने आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी, विमा कंपनीला कळवावे आणि मगच हातोडी उचलावी. यात वेळ जाईल. पण अपघातानंतर कोर्टात जाणारा वेळ त्याहून पुष्कळ मोठा असतो.

एक आक्षेप उरतो. असे एकेक बदलत गेलो तर शेवटी जुनी गाडी जुनी उरेल का? आज ब्रेक, उद्या इंजिन, परवा वातानुकूलन. ही भीती निराधार नाही, आणि रेषा कोठे ओढायची हे सांगणे आमच्यावर आहेच. आमची रेषा अशी : जो बदल दुसऱ्याच्या जिवासाठी आहे तो करावा, जो स्वतःच्या सोयीसाठी किंवा मिरवण्यासाठी आहे तो जुन्या गाडीत करू नये. सोय हवी असेल त्याने नवी गाडी घ्यावी. बाजार तिने भरलेला आहे. पद्मिनीचा स्टेअरिंगजवळचा गिअर, तिची उंच बैठक, चढावर कण्हणारे १,०८९ सीसीचे इंजिन, यांत तिचे मूळपण भरपूर उरते. गाडीचे व्यक्तिमत्त्व ती कशी चालते यात असते. ती थांबत नाही, हा काही तिच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग नव्हे.

नवे ब्रेक लागल्यावर मालकाने आणखी एक गोष्ट करावी, जी कोणताही मिस्त्री करून देऊ शकत नाही. वेग पूर्वी होता तितकाच ठेवावा. ड्रमच्या काळात पुढच्या ट्रकपासून जेवढे अंतर राखले जात होते तेवढेच राखावे, आणि मुरदोलीच्या जंगलात शिरताना पाय तसाच उचलावा. डिस्कने दिलेली काही मीटरांची शिल्लक खर्च न करता तशीच पडू द्यावी. ती केव्हा उपयोगी पडेल हे सांगता येत नाही, आणि ज्याच्या उपयोगी पडेल त्याला बहुधा ते कधी कळणारही नाही.